फुले उधळली, माणसे मोजली नाहीत

३ मे २०२० रोजी दिल्लीतील मोठ्या रुग्णालयांवर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पुष्पवृष्टी केली. त्यापूर्वी २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजविण्यात आल्या होत्या. डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांना ‘कोरोना योद्धे’ ही पदवी बहाल झाली. या घटनेला साडेचार महिनेही लोटले नव्हते, तोच सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्र्यांनी लेखी उत्तर दिले. किती आरोग्य कर्मचाऱ्यांना संसर्ग झाला आणि त्यांतील किती मृत्युमुखी पडले, याची आकडेवारी केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही, कारण सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, असे त्या उत्तराचे सार होते.

पुष्पवृष्टीच्या दिवशी आरोग्य हा केंद्राचा विषय होता. प्रेते मोजण्याची वेळ आली तेव्हा तो राज्यांचा झाला!

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी समाप्त झाल्याचे जाहीर केले. मग हा विषय आज पुन्हा का उकरून काढावा, असे विचारले जाईल. उत्तर सरळ आहे. साथ संपली, हिशेब संपलेला नाही. ज्या व्यवस्थेने रुग्णालयातील कष्टकऱ्याला उघड्या हातांनी साथीच्या तोंडी दिले, ती व्यवस्था जशीच्या तशी उभी आहे. तिला ‘आपत्ती’ या गोलमटोल शब्दाआड लपू देणे म्हणजे पुढच्या साथीसाठी पुढचे बळी आजच नेमून ठेवणे होय.

संसर्गाची उतरंड

विषाणू जात, धर्म वा वर्ग पाहत नाही, असे त्या काळी सर्व वृत्तपत्रांतून सांगितले जात होते. दिल्लीच्या रुग्णालयांतील आकड्यांनी त्याचे खंडन केले आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, हे देशातील सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालय. जून २०२०च्या प्रारंभी तेथील बाधित कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे ४८० झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांत डॉक्टर १९ आणि परिचारिका ३८ होत्या. सुरक्षारक्षक मात्र ७४, कक्षसेवक ७५ आणि सफाई कामगार ५४ होते. रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणारे आणि त्याला औषध देणारे दोन्ही गट मिळून ५७. दारावर उभे राहणारे, स्ट्रेचर ढकलणारे आणि फरशी पुसणारे मिळून २०३. त्याच मे महिन्यात एम्समधील एका भोजनालयाचा कामगार आणि सफाई विभागाचा एक पर्यवेक्षक कोविडने मरण पावले.

हे आकडे पहिल्या काही आठवड्यांचे आहेत. पुढे सर्वच गटांतील बाधितांची संख्या वाढत गेली. तथापि साथीच्या आरंभीचे चित्र फार बोलके आहे, कारण तेव्हा संरक्षणाची साधने अपुरी होती आणि ती कोणाला प्रथम द्यावयाची हे ठरवावे लागत होते. मार्च २०२०च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनी धोक्याच्या श्रेण्या पाडल्या होत्या. अतिदक्षता विभागाला संपूर्ण पोशाख, इतरांना केवळ मास्क व हातमोजे, असा त्यांचा रोख होता. टंचाईच्या काळात असे वाटप काही अंशी अपरिहार्य असेलही. परंतु ज्याला नुसतेच दारावर उभे केले होते, त्याच्यापाशी येणारा प्रत्येक रुग्ण अद्याप तपासणी न झालेला होता. स्ट्रेचर ढकलणाऱ्याने ज्याला उचलले, त्याचा अहवाल दोन दिवसांनी यायचा होता. डॉक्टरांनी उतरवून टाकलेला दूषित पोशाख गोळा करणाऱ्याच्या हातात ते काम करण्यापुरते साधन होते की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते. हा विषाणू हवेतून पसरतो, बंदिस्त खोलीत रेंगाळतो, ही गोष्ट पुढे शास्त्रज्ञांनी सप्रमाण मांडली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही उशिरा का होईना मान्य केली. ‘कमी धोक्याची’ म्हणून ठरविलेली जागा प्रत्यक्षात कमी धोक्याची नव्हती. ती कमी पगाराची होती, एवढेच.

साधने पुरी पडत नव्हती तेव्हा गोळी देण्यात आली. मार्च २०२०च्या चौथ्या आठवड्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृतिदलाने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेण्याची शिफारस केली. पुढे अनेक देशांत झालेल्या काटेकोर चाचण्यांत या औषधाचा प्रतिबंधक उपयोग सिद्ध झाला नाही. मास्क महाग आणि दुर्मिळ, गोळी स्वस्त आणि मुबलक; राज्यकर्त्यांचा कल कोणत्या बाजूला झुकला हे निराळे सांगावयास नको.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. चतुर्थ श्रेणीतील कामगारांना रुग्णालयात नव्हे, तर वस्तीत संसर्ग झाला, असे म्हणणारे आहेत. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण मग विचारावे लागते की, हा कामगार एका खोलीत पाच-सहा माणसांसह का राहतो? कंत्राटदार जो पगार देतो त्यात दिल्लीत तेवढीच जागा मिळते. डॉक्टरांसाठी व परिचारिकांसाठी हॉटेलांत विलगीकरणाची सोय होऊ शकली; ज्याच्या घरी अंतर राखणे मुळातच अशक्य होते, त्याला मात्र कामावरून थेट त्या खोलीत पाठविण्यात आले. संसर्ग वस्तीतून रुग्णालयात आला की रुग्णालयातून वस्तीत गेला, हा वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की दोन्ही टोकांना एकच माणूस होता आणि दोन्ही ठिकाणी तो निराधार होता.

‘ज्याची त्याची जबाबदारी’

जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारने जे प्रतिज्ञापत्र दाखल केले, ते कामगार चळवळीने कायम जपून ठेवावे असे आहे. संसर्गापासून स्वतःचा बचाव करण्याची आणि त्यासाठी स्वतःला प्रशिक्षित करण्याची अंतिम जबाबदारी त्या त्या आरोग्य कर्मचाऱ्यावरच आहे, असा युक्तिवाद त्यात करण्यात आला होता. त्यापूर्वी १५ मे रोजी निघालेल्या सूचनेने कोविड कक्षातील पाळीनंतर सरसकट चौदा दिवस विलग राहण्याची पद्धत बंद करण्यात आली होती.

गिरणीत यंत्रात हात सापडला की मालक म्हणतो, कामगार बेसावध होता. खाणीचे छत कोसळले की मालक म्हणतो, सूचना पाळल्या नाहीत. शंभर वर्षे चाललेला हा मालकवर्गाचा बचाव देशाच्या सरकारने, आपल्याच रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांविरुद्ध, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मांडला! १७ जूनला न्यायालयाने डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार आणि विलगीकरणाची सोय यांविषयी राज्यांना आदेश देण्यास केंद्राला फर्मावले. पगारासाठी न्यायालयाने फर्मान काढावे लागावे, यातच सर्व काही आले.

आणि त्या फर्मानाचे पुढे काय झाले? हिंदुराव हे तत्कालीन उत्तर दिल्ली महानगरपालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय. एप्रिल २०२० मध्ये एका परिचारिकेला संसर्ग झाल्यानंतर ते काही काळ बंद ठेवावे लागले होते. त्याच रुग्णालयातील निवासी डॉक्टरांना ऑक्टोबर २०२० मध्ये तीन महिन्यांहून अधिक काळाच्या थकलेल्या पगारासाठी उपोषणास बसावे लागले. महानगरपालिकेत भाजपची सत्ता, दिल्ली राज्यात आम आदमी पक्षाची. एकाने म्हणावे राज्य निधी देत नाही, दुसऱ्याने म्हणावे महापालिका पैसा उधळते. दोन सत्ताधाऱ्यांच्या या भांडणात कोविडचे रुग्ण तपासणारा डॉक्टर घरभाड्यास महाग झाला. डॉक्टरांची ही गत, तेथे कंत्राटी कक्षसेवकाने कोणाकडे दाद मागावी?

ज्यांनी दाद मागितली त्यांचेही अनुभव पाहण्याजोगे आहेत. एम्सच्या परिचारिकांनी जून २०२० मध्ये संस्थेच्या आवारात निदर्शने केली. संरक्षक पोशाख अंगावर असताना पाणी पिता येत नाही, शौचालयास जाता येत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्यात सहा-सहा तास काढावे लागतात. म्हणून कोविड कक्षातील पाळी चार तासांची करावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. ती चैनीची मागणी नव्हती. घामाने निथळलेल्या, थकलेल्या हातांनी पोशाख उतरवताना चूक होते आणि त्या चुकीतूनच संसर्ग होतो; म्हणजे चार तासांची पाळी हीदेखील संसर्गप्रतिबंधाचीच एक बाब होती. जुलैमध्ये दक्षिण दिल्लीतील एका खाजगी रुग्णालयाने ऐंशीहून अधिक परिचारिकांना एका फटक्यात कामावरून दूर केले. संरक्षणसाधनांची तक्रार केल्याची ही शिक्षा आहे, असे त्या परिचारिकांचे म्हणणे होते.

राजधानीच्या सीमेवर तर विपरीतच घडले. दिल्लीच्या रुग्णालयांत काम करणारे हजारो कर्मचारी गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद, गुरुग्राम येथे राहतात, कारण दिल्लीतील भाडे त्यांना परवडत नाही. एप्रिल २०२० मध्ये उत्तर प्रदेश आणि हरियाणाच्या प्रशासनांनी सीमा बंद केल्या. हरियाणाच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी तर दिल्लीत कामाला जाणारे लोक संसर्ग घेऊन येतात, तेव्हा दिल्लीनेच त्यांना ठेवून घ्यावे, असे सांगितले. त्याआधीच मार्चच्या अखेरीस घरमालक निवासी डॉक्टरांना घराबाहेर काढत असल्याची तक्रार एम्सच्या डॉक्टरांच्या संघटनेला केंद्रीय गृहमंत्र्यांकडे करावी लागली होती. दिवसा ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, रात्री त्यांनाच दार बंद झाले.

जुना कायदा काय सांगतो?

या साऱ्या गोंधळात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. रुग्णसेवेत होणारा संसर्ग हा व्यवसायजन्य रोग आहे, ही काही नवी किंवा क्रांतिकारी कल्पना नाही. ब्रिटिश अमदानीत झालेल्या १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ‘अ’ भागातील पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची आहे, आणि ती ज्या कामांना लागू होते त्यांत आरोग्यसेवा व प्रयोगशाळा यांतील काम स्पष्टपणे समाविष्ट आहे. अशा कामावरील माणसाला त्या कामाच्या विशिष्ट धोक्यातून रोग जडला, तर तो कामावर झालेला अपघातच समजावा, असे हा कायदा सांगत होता. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमानुसार कंत्राटदारामार्फत नेमलेल्या कामगाराच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकालाही टाळता येत नव्हती.

कंत्राटी सफाई कामगाराचा संसर्ग हा त्याचा निष्काळजीपणा नव्हता, त्याचे दुर्दैवही नव्हते. तो कामावरील अपघात होता आणि त्याची भरपाई हा त्याचा हक्क होता. मग सरकारने काय केले? हक्काच्या जागी दान आणून ठेवले. मार्च २०२० मध्ये ५० लाख रुपयांच्या विम्याची घोषणा झाली. सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना तिचा लाभ होईल असे सांगण्यात आले. हा विमा केवळ मृत्यूसाठी होता. जो आजारी पडला, महिनाभर पगाराविना राहिला, ज्याची फुफ्फुसे कायमची अधू झाली, त्याला त्यातून छदामही मिळणार नव्हता. खाजगी रुग्णालयांतील कर्मचारी, सरकारने कोविडसाठी पाचारण केले असेल तरच, त्यात येत. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने स्वतःच दिलेल्या माहितीप्रमाणे तोवर २८७ दावे चुकते झाले होते. आणि २४ मार्च २०२१ रोजी, दुसरी लाट दिल्लीच्या दारात उभी असताना, या योजनेची मुदत संपल्याचे जाहीर झाले. देशभर ओरड झाली तेव्हा ती पुन्हा सुरू करण्यात आली. दिल्ली सरकारने कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबियांना एक कोटी रुपये जाहीर केले. ज्या कुटुंबांना ते मिळाले, त्यांना मोठा आधार झाला यात शंका नाही. पण मंत्र्याच्या हस्ते मिळणारा धनादेश आणि कायद्याने मिळणारी भरपाई यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यासाठी हात जोडावे लागतात, दुसऱ्यासाठी नाही.

हेही लक्षात ठेवले पाहिजे की, ज्या सप्टेंबर २०२० मध्ये मृतांचे आकडे नसल्याचे संसदेला सांगण्यात आले, त्याच महिन्यात, विरोधी पक्षांचा बहिष्कार चालू असताना, नव्या श्रमसंहितांची विधेयके त्याच संसदेतून घाईघाईने मंजूर करून घेण्यात आली. १९२३चा कायदा त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेत विसर्जित करण्यात आला. २६ नोव्हेंबर २०२०च्या देशव्यापी संपात कामगारांनी त्या संहितांविरुद्ध आवाज उठविला, तो याच कारणास्तव. कामगारांनी एकेका अपघाताची किंमत मोजून मिळविलेले संरक्षण साथीच्या आडोशाने पातळ करण्याचा हा डाव होता.

मे दिन, २०२१

दुसऱ्या लाटेत दिल्लीची रुग्णालये प्राणवायूसाठी तडफडली. १ मे २०२१ रोजी, जगभरचे कामगार आपला दिवस साजरा करीत असताना, दक्षिण दिल्लीतील बात्रा रुग्णालयात प्राणवायूचा साठा संपला आणि बारा रुग्ण दगावले. त्यांत त्याच रुग्णालयातील एक ज्येष्ठ डॉक्टर होते. ज्या ठिकाणी त्यांनी इतरांना वाचविले, तेथेच त्यांना वाचविण्यास श्वासभर वायू उरला नव्हता. याच दिवसांत, संसदेची नवी इमारत ज्याचा भाग होती, त्या सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाचे काम ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून चालू ठेवण्यात आले होते.

भारतीय वैद्यक संघटनेने दुसऱ्या लाटेत मृत झालेल्या डॉक्टरांची राज्यवार यादी केली. तीत दिल्लीचा क्रमांक पहिला होता. शंभराहून अधिक डॉक्टर एकट्या दिल्लीत गेले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने आकडा नाही म्हटले, तेव्हा याच संघटनेने ३८२ डॉक्टरांची यादी पुढे ठेवली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने अखेर संसदेत १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका आणि ४४ आशा कार्यकर्त्यांच्या मृत्यूचा आकडा दिला. तोवर संघटनेच्या यादीत सातशेहून अधिक डॉक्टर होते. म्हणजे सरकारी मोजणीत डॉक्टरांतीलही चौघांमागे तिघे गहाळ होते. आणि सफाई कामगार, कक्षसेवक, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेचे चालक? त्यांचा तर त्या उत्तरात रकानाच नव्हता.

१६ जानेवारी २०२१ रोजी एम्समध्ये लसीकरणाचा प्रारंभ झाला, तेव्हा पहिली लस एका सफाई कामगाराला, छायाचित्रकारांच्या साक्षीने देण्यात आली. छायाचित्रात तो पहिला होता. मृतांच्या मोजणीत त्याच्या बांधवांना शेवटचे स्थानही मिळाले नाही.

बलिदान आणि बळी

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव सांगावयास नको. कोटणीस चीनमधील ज्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते कॅनडाचे कम्युनिस्ट शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाचे होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून बेथ्यून मरण पावले. रुग्णसेवेतील संसर्गाने झालेला हा मृत्यू जगाच्या कम्युनिस्ट चळवळीने बलिदान म्हणून गौरविला, आणि ते योग्यच झाले. साम्राज्यवादी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या, वेढ्यात सापडलेल्या, साधनहीन प्रदेशात हातमोजेही मिळत नव्हते आणि बेथ्यून हे जाणूनच तेथे गेले होते.

दिल्ली हा वेढलेला डोंगराळ मुलूख नव्हता. ती एका अण्वस्त्रधारी राष्ट्राची राजधानी होती. तेथे सफाई कामगाराला हातमोजे न मिळणे हे बलिदान नव्हे. बलिदान माणूस स्वतः करतो. बळी दुसऱ्याकडून दिला जातो. ‘योद्धा’ या शब्दाची सारी करामत हीच की, तो बळीला बलिदानाचे वस्त्र चढवितो आणि बळी देणाऱ्याला श्रद्धांजलीच्या व्यासपीठावर नेऊन बसवितो.

चळवळीपुढील काम

येथे आत्मपरीक्षणही टळू नये. डॉक्टरांची यादी झाली, कारण त्यांची संघटना होती. एम्सच्या परिचारिका आवारात उभ्या राहू शकल्या, कारण त्यांची युनियन होती. सफाई कामगाराची यादी झाली नाही, याचा दोष एकट्या सरकारच्या माथी मारून भागणार नाही. रुग्णालयांतील कायम कामगारांच्या युनियनांनी वर्षानुवर्षे कंत्राटी कामगारांना आपल्या सभासदत्वाबाहेर ठेवले. एकाच वॉर्डात, एकच काम करणाऱ्या दोन माणसांतील एकाचा युनियनच्या नोंदवहीत उल्लेख आहे आणि दुसऱ्याचा नाही, अशी स्थिती आपल्याच चळवळीने चालू दिली. कंत्राटदार बदलला की जुना कामगार बाहेर आणि त्याच्यासोबत त्याच्या आजारपणाचा पुरावाही बाहेर. जी नोंद युनियनने ठेवली नाही, ती सरकार ठेवील, ही अपेक्षाच भाबडी होती.

म्हणून आज काही ठोस मागण्यांभोवती रुग्णालय कामगारांना संघटित केले पाहिजे. प्रत्येक सरकारी व खाजगी रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या संसर्गाची कायमस्वरूपी नोंदवही असावी. तीत कायम, कंत्राटी, रोजंदारी असा भेद न करता प्रत्येकाची नोंद व्हावी, आणि ती कामगार प्रतिनिधींना पाहण्यास खुली असावी. ही केवळ कोविडची गोष्ट नाही. छातीच्या रुग्णालयांत काम करता करता क्षयरोग जडणाऱ्या परिचारिका व सफाई कामगार आजही आहेत. रुग्णसेवेत झालेला संसर्ग कामावरील अपघात मानून आपोआप भरपाई मिळावी. तो कोठून झाला हे सिद्ध करण्याचे ओझे आजारी कामगारावर नसावे. सफाई, रुग्णवाहतूक, सुरक्षा ही रुग्णालयाची बारमाही कामे आहेत. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने अशाच कामांतील कंत्राट बंद करण्याची वाट दाखविली होती. ती कामे कायम झाली पाहिजेत. आणि २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे जे वचन दिले, ते मुदत उलटूनही अपुरेच आहे, याचा जाब विचारला गेला पाहिजे.

पण या मागण्यांपूर्वी एक काम असे आहे की, ज्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. दिल्लीत आणि महाराष्ट्रात, जेथे जेथे रुग्णालयात पक्षाचा वा युनियनचा एक तरी सभासद आहे, तेथे त्याने २०२० व २०२१ मध्ये आपल्या शेजारी काम करणारे कोण कोण गेले, ते लिहून काढावे. नाव, काम, कंत्राटदार, मृत्यूचा दिनांक, कुटुंबाला काय मिळाले. कागद आणि पेन्सिल एवढेच साधन त्यास पुरेसे आहे. फुले उधळणाऱ्यांनी जी माणसे मोजली नाहीत, त्यांची मोजणी त्यांच्या वर्गबंधूंनी करावयाची आहे.